पान लगेच उघडतं

माझ्या सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. तरी अगदी अलीकडेपर्यंत आमच्या संस्थेतला एक गृहस्थ दर सोमवारी सकाळी माझ्या खिडकीशी थांबायचा आणि विचारायचा, "काय म्हणतोय सासूबाईंचा गुडघा?" पहिल्यांदा मी सांगितलं, अहो, त्या गेल्या. "माहितीये, माहितीये," म्हणत तो जिना चढून गेला आणि पुढच्या सोमवारी पुन्हा गुडघा. दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी "बरा आहे" म्हणायला लागले. सासूबाई होत्या तोवर त्यांचा गुडघा एक दिवस बरा नव्हता, गेल्यापासून मात्र दर सोमवारी ठणठणीत.

या गृहस्थाला आम्ही सगळे मागून 'माहितीये' म्हणतो. समोर 'साहेब'. आमची संस्था नर्सिंग शिकवते. दुमजली इमारत, खाली ऑफिस आणि माझी चौकशीची खिडकी, वर वर्ग, आणि जिन्याच्या टोकाला एक अरुंद खोली. तिच्यात संगणकांचं कपाट, एक पंखा आणि माहितीये. संस्थेची वेबसाइट तो सांभाळतो. वय बेचाळीस, खिशाला तीन पेनं, आणि लिहायचं सगळं कीबोर्डवर. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटेल. वेळेवर येतो, वेळेवर जातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त एखादी गोष्ट एकदा त्याच्या डोक्यात गेली की गेली, ती बदलली का हे बघायला तो परत येत नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याने मला विचारलं होतं, चहात साखर किती? मी म्हटलं, दोन चमचे. डॉक्टरांनी माझी साखर बंद करून चार वर्षं झाली. तरी कुणाच्या निरोपाच्या दिवशी चहा वाटायचं काम त्याच्याकडे आलं की माझ्या कपात दोन चमचे पडतातच. वर स्वतःचं कौतुक, "बघा, लक्षात आहे की नाही?"

आता त्याच्या बायकोबद्दल सांगते, कारण या गोष्टीत पणाला लागलं ते तिचं. मला हे सगळं नंतर तिच्याच तोंडून कळलं, पण तुम्हाला आधी कळलेलं बरं.

ती एका मोठ्या दवाखान्यात मदतनीस आहे. नऊ वर्षं झाली. चादरी बदलायच्या, अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवायचं, भांडी उचलायची, आणि नर्सचं लक्ष नसेल तर सलाइन संपत आलंय हे हळूच सांगायचं. सुई कुठे टोचायची हे तिला डोळे मिटून सांगता येईल, पण सुईला हात लावायचा नाही, कारण कागद नाही. तो कागद मिळवायचा, नर्स व्हायचं, एवढी एकच तिची इच्छा. पाच वर्षांपूर्वी तिने नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "पोरगी लहान आहे, पुढच्या वर्षी बघू." त्याच्यापुरता विषय तिथेच मिटला. तेव्हाची सहा वर्षांची पोरगी आता अकराची आहे, स्वतःची वेणी स्वतः घालते आणि बापाचा मोबाइल बापापेक्षा चांगला चालवते. त्याच्या डोक्यात ती अजून सहाचीच. रस्ता ओलांडताना तो हात पुढे करतो आणि ती पलीकडे पोचून त्याची वाट बघत उभी असते.

आमच्याकडे प्रवेशाला वयाची अट पस्तीस. बायकोला पस्तीस पूर्ण व्हायला पाच महिने उरले होते. म्हणजे या वर्षी नाही तर कधीच नाही. तिने या वेळी विचारलं नाही. गुपचूप अर्ज भरला. शाळेच्या दाखल्यावर लग्नाआधीचं नाव होतं, म्हणून अर्जावरही तेच टाकलं. लागलं तर सांगू, नाही लागलं तर निदान एक 'माहितीये' वाचलं, असा तिचा हिशेब. साठ उमेदवार मुलाखतीला पात्र ठरले. त्यांची यादी वेबसाइटवर लावली ती कुणी? ह्यानेच. अडतिसाव्या नंबरला बायकोचं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. लग्नाला तेरा वर्षं झालेला हा नवरा साठ नावांवरून नजर फिरवून, स्पेलिंगं तपासून, चहा प्यायला खाली आला.

यादीखाली लिहिलं होतं: मुलाखत चोवीस तारखेला, सकाळी दहा वाजता.

त्या दिवसांत आमची वेबसाइट म्हणजे सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. पान उघडायला पाऊण मिनिट लागायचं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर संचालकांचा फोटो होता, आणि तो कॅमेऱ्यातून निघाला तसाच्या तसा, भिंतीवर लावता येईल एवढा मोठा. बरं, एकदा येऊन थांबेल तर तो फोटो कसला? प्रवेशाचं पान उघडा, फोटो पहिल्यापासून येणार. तिथून फीच्या पानावर जा, पुन्हा पहिल्यापासून. तोही वरून खाली, पट्टीपट्टीने. खिडकीशी पोरी फोन हातात धरून उभ्या असायच्या आणि मी विचारलं, "उघडलं का गं?" की म्हणायच्या, "कपाळ आलंय मावशी, अजून नाक यायचंय." फोटो लहान करा, एवढंच संचालक साहेबांना सांगायचं होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

मग कुठल्याशा बैठकीत दुसऱ्या एका संस्थेच्या प्रमुखाने आमच्या साहेबांना चारचौघांत विचारलं, "तुमची वेबसाइट काय पायी येते का?" साहेब लालबुंद होऊन परतले आणि त्यांनी माहितीयेला आठ दिवस दिले. आठ दिवसांत पान झटकन उघडलं तर प्रवेश आटोपले की विभागप्रमुख, खिडकी असलेली खोली. नाही तर बघू.

यावर उपाय होता, आणि तो त्याला सापडला, हे मी नाकारत नाही. दुपारी चहाच्या वेळी त्याने आम्हाला तो समजावूनही सांगितला. त्याचं म्हणणं असं. मोबाइलमधला ब्राउझर, म्हणजे ज्यात आपण पानं उघडतो तो, एकदा आणलेली वस्तू स्वतःजवळ ठेवून घेऊ शकतो. फक्त आपण त्याला सांगायला हवं की बाबा, हे ठेव, आणि अमुक दिवस पुन्हा मागायला येऊ नकोस.

"मिठाची बरणी घरात आहे," तो म्हणाला, "तर प्रत्येक चिमटीसाठी दुकानात कशाला जायचं?"

आमच्याकडे फरशी पुसणाऱ्या मावशी आहेत. त्या कोपऱ्यात बशीतून चहा पीत होत्या. म्हणाल्या, "मिठाचं ठीक आहे साहेब. पण दुधाचं काय? तेही वर्षभर बरणीत ठेवायचं?"

"माहितीये, माहितीये," तो म्हणाला आणि उठला.

मावशी चौथीपर्यंत शिकल्यात. त्यांनी विचारलं तेच नेमकं त्या विषयावरच्या माहितीपत्रकात दुसऱ्या पानावर लिहिलं होतं. मी नंतर स्वतः वाचलं, म्हणून सांगते. फोटो, बोधचिन्ह, रंगरंगोटी या गोष्टी खुशाल वर्षभर ठेवायला सांगा. पण ज्या पानावर सूचना आणि तारखा आहेत ते पान मात्र ब्राउझरने दर वेळी विचारूनच दाखवायचं, 'काही बदललंय का?' म्हणून. पहिलं पान वाचून आमचा पठ्ठ्या अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला होता. त्याने एकच ओळ लिहिली आणि ती सरसकट सगळ्याला लावली: एक वर्ष ठेवा, विचारू नका.

आणि खरंच जादू झाली. पहिल्यांदा उघडताना वेळ लागला तेवढाच. दुसऱ्यांदा बोट टेकवायचा अवकाश, पान समोर. संचालकांचं कपाळ, नाक, हनुवटी, सगळं एकदम. साहेब इतके खूश की उमेदवारांना मुलाखतीची पत्रं आणि मेसेज पाठवायची जुनी पद्धतच त्यांनी बंद करून टाकली. "आता सगळं वेबसाइटवर. रोज बघत जा म्हणावं." माहितीये महिनाभर तरंगत होता. घरीही जेवताना दुसरा विषय नव्हता. बायको ऐकायची आणि मनात म्हणायची, बरं झालं, माझंच काम सोपं झालं. रोज दुपारी साडेतीनला, जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून ती फोनवर आमचं पान उघडायची. चोवीस तारीख. फोन पिशवीत टाकायची आणि पुन्हा कामाला लागायची.

दहा तारखेला बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाईंनी कळवलं की चोवीसला जमणार नाही. मुलाखत सतराला ठरली. माहितीयेने पाच मिनिटांत पान बदललं. त्याच्या संगणकावर सतरा दिसलं. तिथे दिसणारच होतं, कारण काम करताना अडचण नको म्हणून स्वतःच्या संगणकावर त्याने हे साठवणं बंदच ठेवलं होतं. माझ्या खिडकीवरच्या संगणकाची आठवण रोज संध्याकाळी आपोआप पुसली जाते, त्यामुळे मलाही सतराच दिसलं. पण ज्यांनी आधीच ते पान उघडून ठेवलं होतं, त्यांच्या फोनला माहितीयेचा हुकूम होता: वर्षभर विचारायचं नाही. ते फोन बिचारे आज्ञाधारक निघाले.

सतराला एकोणपन्नास जण आले. कुणी पान पहिल्यांदाच उघडलं होतं, कुणाला पान खाली ओढून ताजं करायची सवय होती. अकरा आले नाहीत. "हौस फिटली असेल," साहेब म्हणाले.

ते अकरा जण चोवीसला आले. सकाळी पावणेदहाला, इस्त्री केलेले कपडे, हातात फायली. मी सांगितलं, मुलाखती झाल्या, सतराला. त्यांनी फोन पुढे केले, चोवीस. मी माझा पडदा त्यांच्याकडे वळवला, सतरा. आता मला सांगायला लाज वाटते, पण सांगते. माझा आवाज चढला. मी म्हटलं, "स्पष्ट लिहिलंय इथे, आठवड्यापासून लिहिलंय. जुने फोटो काढून ठेवता आणि आम्हाला दाखवता होय? नर्स होणार म्हणे, आणि तारीख वाचता येत नाही!" दोघी रडल्या. त्यांच्या मागे एक बाई शांत उभी होती, पायात दवाखान्यातल्या पांढऱ्या चपला. तिने फोन काचेला टेकवून धरला आणि माझ्यासमोर पान पुन्हा उघडून दाखवलं. पापणी लवायच्या आत उघडलं.

"फोटो नाही ताई," ती म्हणाली. "हे पान आहे. लगेच उघडतं हो."

"तक्रार लिहून द्या," मी म्हटलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. ती त्याची बायको, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी नीट बोलले असते का? असते. म्हणून तर लाज वाटते.

अकरा तक्रारी वर गेल्या. माहितीयेने त्या वाचल्या, म्हणजे पहिली वाचली आणि बाकीच्यांना "माहितीये" म्हणाला. तांत्रिक कारण त्याला तेव्हाच कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्याने लगेच उपाय केला. उपाय काय, तर वेबसाइटवर लाल अक्षरांत एक सूचना लावली: 'ज्यांना जुनी तारीख दिसत असेल त्यांनी कृपया पान ताजे करून पाहावे.' ही सूचना त्याने कुठे लावली? त्याच पानावर! ज्यांना जुनं पान दिसतंय त्यांना ती दिसणार नाही, आणि ज्यांना दिसतेय त्यांना तिची गरज नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ठीक आहे, पण इथे आंधळ्यासाठी पाटी लावली होती आणि तीही बंद खोलीत.

मला हे कळलं ते घरी बसून. संध्याकाळी सहज स्वतःच्या फोनवर ती लाल सूचना बघायला गेले. पान झटकन उघडलं. लाल काही नव्हतं. खाली चोवीस तारीख. मी तशीच पलंगावर बसून राहिले, त्या रडणाऱ्या पोरी डोळ्यांपुढून हलेनात.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढून त्याच्या खोलीत गेले, फोन दाखवला.

"माहितीये," तो म्हणाला. "सर्व्हरवर पान बरोबर होतं. लोकांच्या फोनमध्ये जुनं राहिलं त्याला मी काय करणार?"

"ठेवायला कुणी सांगितलं फोनला?"

"तांत्रिक बाब आहे ती. तुम्हाला नाही कळणार."

मी खाली आले तेव्हा त्याचा अहवालही टाइप होऊन आला होता, खाली सही. वेबसाइट पूर्णपणे अचूक होती. अकराही उमेदवारांनी निष्काळजीपणा केला. दोष मान्य करावा तर खिडकीवाली खोली हातची जाणार, हे मलाही कळत होतं. चोराच्या उलट्या बोंबा मी खूप ऐकल्यात, पण इतक्या सुवाच्य आणि परिच्छेद पाडून केलेल्या पहिल्यांदाच वाचल्या.

मी संचालकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाच जागा अजून रिकाम्या आहेत. संस्थेची चूक असेल तर त्या अकरा जणांना पुन्हा बोलावता येईल. पण चूक आहे असं त्याने लिहून दिलं तर. तो तर नाही म्हणतोय. तज्ज्ञ तो आहे. तुम्ही आहात का?" मी नव्हते. विषय संपला.

संपला असताच, पण त्याच आठवड्यात साहेबांनी नवा चष्मा घेतला होता. नव्या चष्म्यातला नवा फोटो वेबसाइटवर लावून झाला आणि साहेबांनी घरी जाऊन बायकोला कौतुकाने लॅपटॉप उघडून दाखवला. जुना चष्मा! मेहुण्याच्या फोनवर जुना चष्मा, मुलीच्या फोनवर जुना चष्मा. सकाळी साहेब ऑफिसात आले ते ओरडतच. अकरा जणांचं नुकसान ज्या दारातून आत येऊ शकलं नाही त्या दारातून एक चष्मा आरामात आत गेला. मी संधी साधून म्हटलं, "साहेब, फोटोबरोबर तारीखही जुनीच दिसतेय." साहेब थांबले. "बोलवा त्या अकरा जणांना," ते म्हणाले. "फोन घेऊन या म्हणावं."

चार दिवसांनी संचालकांच्या खोलीत सुनावणी झाली. टेबलामागे साहेब, शेजारी आमच्या मुख्य शिक्षिका, बाजूला मी वही घेऊन, आणि भिंतीलगतच्या खुर्चीत माहितीये, मांडीवर अहवाल. उमेदवार एकेक करून आत येत होते. पहिल्या चौघींनी फोन दाखवले. चौघींना त्याने तेच सांगितलं, पान ताजं करायचं असतं, साधी गोष्ट आहे, हा तुमचा हलगर्जीपणा.

पाचवी आत आली. पांढऱ्या चपला.

माहितीये तिला बघून हसला. "अगं, डबा विसरलो का मी?" असं म्हणून त्याने खुर्चीखाली वाकून पाहिलं. डबा तिथेच होता, पायाशी.

"उमेदवार क्रमांक अडतीस," ती साहेबांकडे बघत म्हणाली आणि बसली.

साहेबांनी अर्ज उलटापालटा केला. "पण हे नाव..."

"लग्नाआधीचं. शाळेच्या दाखल्यावर तेच आहे."

"पात्र उमेदवारांची यादी वेबसाइटवर कुणी लावली होती?" मुख्य शिक्षिकांनी विचारलं. त्या हे मुद्दाम विचारत होत्या, त्यांना पक्कं ठाऊक होतं. माहितीये अहवालाचे कोपरे सारखे करत राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला त्याची दया आली, पण फार नाही.

"तुम्ही पान रोज बघत होता?" साहेबांनी विचारलं.

"रोज. दुपारी साडेतीनला." तिने फोन टेबलावर ठेवला, बोट टेकवलं. चोवीस तारीख. वर साहेब, जुन्या चष्म्यात. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, पण ताजं करायचं ना," माहितीये खालच्या आवाजात म्हणाला. "साधी गोष्ट—"

"कुणाला साधी?" ती पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. "महिनाभर जेवताना तुम्हीच सांगत होता ना, आता लोकांना काही करावं लागत नाही म्हणून? मी काही केलं नाही. तुम्ही केलेलं पान होतं. मी डोळे झाकून विश्वास ठेवला."

मग त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. तो साहेबांकडे वळून, आपल्या दोघा पुरुषांतलं बोलणं असावं अशा सुरात म्हणाला, "साहेब, हिचं सोडा. हिला मी घरी समजावतो."

"घरी नको," ती म्हणाली. "घरी तुम्ही पाच वर्षांपूर्वी समजावलंत. मला तीन महिन्यांनी पस्तीस पूर्ण होतील. इथे बसून लिहून द्या, काय झालं ते."

"काय लिहू?"

मी मान वर केली. ज्याचं उत्तर त्याच्याकडे तयार नाही असा प्रश्न मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

"जे झालं ते," मुख्य शिक्षिका म्हणाल्या आणि कोरा कागद पुढे सरकवला.

त्याने खिशातलं पहिलं पेन काढलं, ते वाळलेलं. दुसरंही वाळलेलं. तिसरं चाललं. चार ओळी लिहायला त्याला वीस मिनिटं लागली. पान वर्षभर ठेवायला मी सांगितलं होतं. तसं सांगायला नको होतं. उमेदवारांची चूक नाही. आधीचा अहवाल रद्द समजावा.

साहेब तेवढ्यातही अडले. "पण हे तुम्ही पत्नीसाठी लिहिलं असं लोक म्हणतील."

"अकरा जणांसाठी लिहिलंय," मुख्य शिक्षिका म्हणाल्या. "पहिल्या चौघींच्या वेळीच लिहिलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. तो त्याचा प्रश्न आहे, साहेब. बाकी सहा जणी बाहेर ताटकळल्यात, त्यांना आत घेऊ या."

विभागप्रमुखाची खोली दुसऱ्याला मिळाली. माहितीये अजून जिन्याच्या टोकालाच आहे, पंख्याखाली. माहितीपत्रकाचं दुसरं पान त्याने वाचलं. आता फोटो वर्षभर राहतात आणि सूचनांचं पान दर वेळी विचारून येतं, त्यामुळे ते अर्ध्या सेकंदाने उशिरा उघडतं. त्यावर अजून कुणाची तक्रार आलेली नाही. बरणीत न राहणाऱ्या दुधाचं उत्तर मावशींना त्याने अजून दिलेलं नाही, आणि त्याही विचारत नाहीत.

अकरा जणांच्या मुलाखती पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला झाल्या, या वेळी पत्रं पाठवून. नोंदी घ्यायला मी होते. अडतीस नंबरच्या बाईला पाचांतली एक जागा मिळाली, हे सांगून टाकते. परीक्षक बाईंनी तिला अर्धा तास पिळून काढलं. औषधांची मापं विचारली, जखमा विचारल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला फोड येऊ नयेत म्हणून काय करायचं ते विचारलं. तिने नऊ वर्षं जे हातांनी केलं होतं ते सांगितलं. मग परीक्षक बाईंनी छापील फॉर्म उलटला. शेवटी एक प्रश्न असतो, लग्न झालेल्या बायकांनाच विचारायचा. पुरुष उमेदवारांच्या फॉर्मवर तो रकाना नाही. मी इतकी वर्षं तो भरत आले आणि त्यात काही वावगं आहे हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

"घरच्यांची परवानगी घेतली आहे?"

"नाही," ती म्हणाली. "कळवलं आहे."

रकान्यात 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. मी दोन्ही मोकळे सोडले आणि तिचं वाक्य खाली जसंच्या तसं लिहिलं.